दहावीचं बीजगणित आणि संध्याकाळचा वाचक

(नवी मुंबईत झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. पाठ्यपुस्तकातल्या इंग्रजी अक्षरांऐवजी व्याख्यानात 'क्ष' वापरला होता, तो इथेही तसाच आहे.)

समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना आम्ही ओळखतो, कारण ते आमच्याच वर्गातून उठून इथे आलेत. म्हणजे आज गृहपाठ चुकवायला सबळ कारण मिळालं. (हशा)

आज एका पुस्तकाची समीक्षा करायची आहे. पुस्तक कादंबरी नाही, कवितासंग्रह नाही. ते आहे बालभारतीचं 'गणित भाग १', इयत्ता दहावी. २०१८ साली आलेलं. महाराष्ट्रात इतक्या घरांत पोचणारी पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील. पण पुस्तक म्हणून त्याची समीक्षा कुणी करत नाही. त्याचे गाईड निघतात, अपेक्षित प्रश्नसंच निघतात. हे पुस्तक कुणाशी बोलतं, कुणाशी बोलत नाही, हा प्रश्न मात्र राहून जातो.

आम्ही म्हणजे कोण, ते आधी सांगतो. आम्ही तिघं मिळून एका कॉलेजच्या खोलीत संध्याकाळी सात ते नऊ गणिताचा वर्ग घेतो. विद्यार्थी एकोणीस वर्षांपासून पन्नाशीपर्यंतचे. कुणी एपीएमसीत माथाडी आहे, कुणी टीटीसी एमआयडीसीत पॅकिंगला, कुणी सोसायटीच्या गेटवर वॉचमन, कुणी चार घरची कामं उरकून येणारी. बहुतेकांनी सतरा नंबरचा फॉर्म भरलेला. दहावी झाली की कुणाला पगारात फरक पडेल, कुणाला पुढे मुक्त विद्यापीठाची पदवी घ्यायची आहे. एका ताईंनी सरळ सांगितलं, "मुलगी नववीत गेली, तिच्या आधी मला यायला पाहिजे."

रात्री शिकणं आपल्याकडे नवीन नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. तेव्हापासून रात्रीचा विद्यार्थी महाराष्ट्रात आहे. तरी पाठ्यपुस्तकाला तो अजून दिसलेला नाही, असं आमचं म्हणणं आहे. आता ते पटवून देतो.

वडिलांचं वय

बीजगणितात वयाची उदाहरणं असतात. मुलाचं आजचं वय इतकं, वडिलांचं त्याच्या अमुक पट, इतक्या वर्षांनी काय होईल. या पुस्तकातही वडील आहेत, आई आहे. ही उदाहरणं वाचणारा नेहमी मुलाच्या जागी बसलेला असतो. उदाहरण रचणाऱ्याच्या मनात पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आहे, हे त्यातून आपोआप कळतं.

आमच्या वर्गात मात्र उदाहरणातले वडीलच बाकावर बसलेले असतात. त्यांना मुलाचं वय माहीत आहे, स्वतःचं माहीत आहे. काढायचं काय, ते त्यांना कळत नाही. एक काका म्हणाले होते, "सर, बापाला स्वतःचं वय काढायला समीकरण लागतं व्हय?" सगळे हसले. आम्हीही हसलो आणि पुढचं उदाहरण घेतलं. ती आमची चूक होती. तो विनोद नव्हता, टीका होती आणि ती बरोबर होती.

पंधरा वर्षांच्या मुलाला 'क्ष मानू' म्हटलं की तो मानतो. शाळेत मानायचंच असतं. चाळीस वर्षांचा माणूस असं मानत नाही. तो आधी तोंडी उत्तर काढतो आणि मग विचारतो, आता हे कशाला? या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नाही, कारण पुस्तकाच्या वाचकाने तो प्रश्न कधी विचारलेलाच नाही.

तोंडी हिशेब आणि शून्य गुण

एक साधं उदाहरण घेऊ. आमचंच आहे, पुस्तकातलं नाही. दोन वडापाव आणि एक चहा यांचे ५० रुपये. एक वडापाव आणि एक चहा यांचे ३० रुपये. तर वडापाव केवढ्याला?

बघा, सभागृहात आत्ताच उत्तर आलं. वीस. कसं काढलं? एक वडापाव वाढला आणि वीस रुपये वाढले. बस. आता परीक्षेत काय अपेक्षित आहे? वडापावची किंमत क्ष मानू, चहाची य मानू, समीकरण एक, समीकरण दोन, वजाबाकी करून, म्हणून क्ष बरोबर वीस. या पद्धतीला पुस्तकात 'निरसन' म्हणतात. शब्द चांगला आहे, शंकानिरसनातला आहे. पण आपण आत्ता तोंडी जे केलं तेही निरसनच होतं! चहा दोन्हीकडे सारखा होता, तो काढून टाकला. हे जाणवून देण्याचं काम पुस्तक करत नाही, शिक्षकाला करावं लागतं. आणि आम्ही ते पहिल्या वर्षी केलं नाही.

त्या वर्षीची गोष्ट सांगायला हवी. एपीएमसीत काम करणारे एक गृहस्थ होते, पन्नाशीच्या जवळचे. लहानपणी पावकी, निमकी, दिडकी, औटकी पाठ केलेले. गोणीचा भाव सांगितला की पाऊण गोणीचे पैसे आमच्या आधी सांगायचे. सराव चाचणीत त्यांनी पाचपैकी चार उत्तरं बरोबर लिहिली होती, नुसती उत्तरं. आम्ही पद्धत नाही म्हणून गुण दिले नाहीत. बोर्डातही पायऱ्यांना गुण असतात, सवय लागायला हवी, असं आमचं म्हणणं. पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, "उत्तर बरोबर असून शून्य, मग तुमच्याकडं येऊन मी काय शिकणार?" ते परत आले नाहीत. आजही आलेले नाहीत.

आम्ही तेव्हा पुस्तकाला दोष दिला नाही, त्यांच्या अहंकाराला दिला. आता वाटतं, दोष उदाहरणाच्या निवडीत होता. जे तोंडी सुटतं, तेच देऊन आम्ही अक्षरांची सक्ती करत होतो. दोन पावलं चालायला रिक्षा करा म्हणत होतो.

तोंडी हिशेब जिथे थांबतो

मग आम्ही क्रम उलटा केला. पुढच्या वर्षी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं: सात मोठ्या गोण्या आणि पाच लहान गोण्या यांचं वजन ४५७ किलो. तीन मोठ्या आणि अकरा लहान यांचं ४३५ किलो. एका लहान गोणीचं वजन किती?

वर्ग कामाला लागला. मोठी पन्नासची धरू. नाही जमत, सातपन्ने साडेतीनशे गेले, १०७ उरले, पाचाने भाग जात नाही. पंचेचाळीस धरू. दुसऱ्या ओळीत अडतं. दहा मिनिटं गेली. अंदाज आणि पडताळा याच पद्धतीने चाललं होतं, ती पद्धत खोटी नाही. पण दमवते. तेव्हा आम्ही म्हटलं, मोठ्या गोण्या दोन्हीकडे सारख्या करून बघा. पहिली ओळ तीन वेळा घ्या, दुसरी सात वेळा. दोन्हीकडे एकवीस मोठ्या गोण्या. पहिलीकडे १५ लहान, वजन १३७१. दुसरीकडे ७७ लहान, वजन ३०४५. फरक ६२ लहान गोण्यांचा, १६७४ किलो. म्हणजे लहान गोणी २७ किलोची. मग मोठी ४६ ची.

हे झाल्यावर 'मोठी गोणी', 'लहान गोणी' हे शब्द प्रत्येक ओळीत लिहून हात दुखला, म्हणून वर्गानेच 'मो' आणि 'ल' लिहायला सुरुवात केली. तेव्हा क्ष आणि य आले. कुणी सक्ती केली नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे: अक्षर तेव्हा आणावं, जेव्हा त्याची गरज पडते. पुस्तक ते गरजेच्या आधी आणतं. लहान मुलांना त्याचा त्रास होत नाही असं नाही, पण ती बोलून दाखवत नाहीत. प्रौढ माणूस बोलून दाखवतो किंवा येणं बंद करतो.

पाटणचा मठ आणि 'जेवढं असेल तेवढं'

आता जरा मागे जाऊ. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचे भाग. अज्ञात संख्येला ते 'यावत्तावत्' म्हणतात. म्हणजे जेवढं असेल तेवढं. एकापेक्षा जास्त अज्ञात असतील तर रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक. काळा, निळा, पिवळा. ही परंपरा त्यांच्याही आधीची आहे.

आम्ही हे वर्गात सांगतो ते अभिमानासाठी नाही, सोयीसाठी. 'क्ष मानू' म्हटलं की लोक अडतात, 'जेवढं असेल तेवढं' म्हटलं की अडत नाहीत. गोणीचं वजन जेवढं असेल तेवढं, त्याच्या सातपट. हे रोजच्या बोलण्यातलं आहे.

आणखी एक गोष्ट. चाळीसगावजवळ पाटण इथे शके ११२८ चा शिलालेख आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याचा तो लेख. त्याच्या शेवटी त्या काळच्या मराठीत मठाच्या उत्पन्नाची व्यवस्था लिहिली आहे, आणि तिथल्या बाजारात येणाऱ्या मालावरचा काही हिस्सा मठाला लावून दिलेला आहे. म्हणजे बीजगणिताचा अभ्यास बाजाराच्या पैशावर चालत होता. आमच्या वर्गात बाजार स्वतःच शिकायला येऊन बसतो. त्याला आपण काय देतो, हा प्रश्न आहे.

अर्ध्याची भीती

वर्गसमीकरणांचं प्रकरण बघू. पुस्तक तीन रीती देतं: अवयव, पूर्ण वर्ग आणि सूत्र. मांडणी स्वच्छ आहे, कृतीच्या चौकटी आहेत, हे मान्य केलं पाहिजे. आधीच्या पिढीतल्या पुस्तकांपेक्षा हे पुस्तक डोळ्यांना कितीतरी सुसह्य आहे.

पण पूर्ण वर्गाच्या रीतीत मधल्या सहगुणकाचं अर्ध करून त्याचा वर्ग मिळवायचा असतो. क्ष वर्ग अधिक ५ क्ष बरोबर ६. पाचाचं अर्ध अडीच, त्याचा वर्ग सव्वासहा. लिहायचं कसं, तर पंचवीस छेद चार. इथे आमचा अर्धा वर्ग गळतो. अडीच कळतं, पाच छेद दोन कळत नाही. त्यात छेदाची बेरीज आली की संपलंच.

यावर जुना उपाय आहे. श्रीधराचार्यांची रीत, जी भास्कराचार्यांनी त्यांच्या नावानिशी नोंदवली. आधी दोन्ही बाजूंना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणायचं. इथे चाराने: ४ क्ष वर्ग अधिक २० क्ष बरोबर २४. मग मधल्या मूळ सहगुणकाचा वर्ग, म्हणजे २५, दोन्हीकडे मिळवायचा. उजवीकडे ४९. डावीकडे २ क्ष अधिक ५, त्याचा वर्ग. म्हणून २ क्ष अधिक ५ बरोबर ७ किंवा उणे ७. क्ष बरोबर १ किंवा उणे ६. सगळ्या वाटेत एकही अपूर्णांक आला नाही. ही रीत मुख्य प्रवाहात आली तर कुणाचं नुकसान नाही. दिवसाच्या मुलांचंही भलंच होईल.

शेजारी राहून न बोलणारी दोन प्रकरणं

आता आमच्या टीकेचा मुख्य मुद्दा. पुस्तकात तिसरं प्रकरण अंकगणिती श्रेढी, चौथं अर्थनियोजन. अर्थनियोजनात जीएसटी आहे, शेअर्स आहेत, म्युच्युअल फंड आहेत. विषय मोठ्यांचे, पण शिकणारी मुलं. आमच्या वर्गात हे प्रकरण आलं की सगळे ताठ बसतात. मात्र ज्याने ते रोज पिचतात, तो कर्जाचा हप्ता, त्यावर या प्रकरणाचा भर नाही.

गंमत म्हणजे हप्ते आदल्या प्रकरणात आहेत. श्रेढीच्या सरावात दर महिन्याला ठरावीक रकमेने घटत जाणारा परतफेडीचा हप्ता येतो. आमच्या वर्गातून लगेच प्रश्न आला, "सर, असं कोण कर्ज देतं? आमचा हप्ता तर कमी होत नाही." पुस्तकाला तो हप्ता बेरीज करण्यापुरता हवा आहे. तो का घटतो, ते सांगायची गरज त्याला वाटलेली नाही.

चला, आपण विचारू. १,२०,००० रुपये कर्ज, बारा महिने, महिना एक टक्का व्याज. दर महिन्याला मुद्दल १०,००० फेडायचं. पहिल्या महिन्याचं व्याज एक लाख वीस हजारांवर, १,२००. दुसऱ्या महिन्यात मुद्दल एक लाख दहा हजार राहिलं, व्याज १,१००. मग १,०००, ९००, असं करत शेवटी १००. म्हणजे हप्ते ११,२००, ११,१००, ११,०००, शेवटचा १०,१००. ही झाली अंकगणिती श्रेढी, साधारण फरक उणे १००. व्याजाची बेरीज किती? एक ते बारा यांची बेरीज ७८, गुणिले शंभर. ७,८०० रुपये.

आता दुसरा कागद. तेच कर्ज, तीच मुदत, 'वर्षाला बारा टक्के फ्लॅट'. व्याज सरळ पूर्ण रकमेवर पूर्ण वर्षाचं: १४,४००. एकूण १,३४,४००, भागिले बारा, हप्ता ११,२००. बाराही महिने ११,२००.

पहिला हप्ता दोन्हीकडे सारखाच आहे, बघा. दरही दोन्हीकडे बारा टक्केच लिहिलेला आहे. फरक ६,६०० रुपयांचा. दुसऱ्या कागदात, फेडून टाकलेल्या पैशांवरही शेवटपर्यंत व्याज चालू राहतं.

हे फळ्यावर झालं तेव्हा वर्गात एकदम शांतता झाली. एका ताईंनी पर्समधून स्वतःच्या कर्जाचं कार्ड काढलं. शिवणयंत्रासाठी घेतलेलं, रक्कम वेगळी, पण रचना हीच. त्यांनी आमच्या मदतीशिवाय बेरीज केली. दहाच मिनिटांत 'एन छेद दोन' वगैरे सूत्र त्यांना पाठ झालं, जे तीन आठवडे होत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला हे दोन वर्षांपूर्वी यायला पाहिजे होतं." कर्ज फिटलेलं होतं. पैसे परत मिळायचे नव्हते.

कुणी म्हणेल, बँकेचा ईएमआय तर सारखाच असतो, आणि तोही घटत्या शिलकीवरच काढतात. खरं आहे. त्या सारख्या हप्त्याचं सूत्र काढायला गुणोत्तर श्रेढी लागते, ती अकरावीत आहे. म्हणून आम्ही घटता हप्ता घेतला. फ्लॅट आणि घटती शिल्लक यांतला भेद समजायला दहावीची श्रेढी पुरते. सामग्री पुस्तकात आहे. दोन प्रकरणं एकमेकांच्या शेजारी आहेत, मध्ये फक्त दार नाही.

मग मागणी काय?

२०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' म्हणण्याचा पर्याय आला तेव्हा अख्खा महाराष्ट्र भांडला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी शांतपणे बाजू मांडली होती, की सात वर्षांच्या मुलाला आकडा ऐकून लिहिताना काय अडचण येते ते बघा. बाजू कुठलीही घ्या, पण त्या वादात वाचक कोण, हा प्रश्न मध्यभागी होता. आम्हाला तसाच वाद दहावीच्या बीजगणिताबद्दल हवा आहे. नवा अभ्यासक्रम आला तेव्हा 'सामान्य गणित' हा पर्याय गेला. ज्यांनी पूर्वी तो घेऊन शाळा सोडली, ते आज परत आले तर त्यांच्यासमोर हेच एक पुस्तक आहे.

वेगळं, सोपं पुस्तक काढा, असं आम्ही म्हणत नाही. सोपं पुस्तक म्हणजे कमी दर्जाचं प्रमाणपत्र, हे आमच्या विद्यार्थ्यांना चांगलं कळतं. प्रश्नपत्रिका तीच असू द्या. फक्त शंभरेक पानांची एक जोडपुस्तिका असावी. तिच्यात तोंडी हिशेबापासून सुरुवात, तोंडी जिथे थांबतं तिथे अक्षर, श्रीधराचार्यांची रीत, आणि श्रेढीला जोडून कर्जाचे दोन कागद. आणि उदाहरणातल्या वडिलांना एकदा तरी क्ष काढू द्यावा. एवढंच.

(टाळ्या. त्यानंतर झालेल्या प्रश्नोत्तरांतले दोन प्रश्न.)

प्रश्न: सर, मी वर्गातलाच. पण बोर्डाचा पेपर चाळीस गुणांचा आणि दोन तासांचा. तिथे गोणी लिहून चालेल का?

उत्तर: दादा, तिथे 'क्ष मानू' हेच लिहायचं. त्यात आम्ही तडजोड सांगत नाही. पायऱ्यांचे गुण सोडायचे नाहीत. पण 'क्ष' लिहिताना तो गोणीचा आहे हे डोक्यात असेल, तर उत्तर उणे सत्तावीस किलो आलं की तुम्ही थांबाल आणि चूक शोधाल. नुसतं अक्षर असेल तर तसंच लिहून पुढे जाल.

प्रश्न: जे काका वर्ग सोडून गेले, त्यांना तुम्ही पुन्हा भेटलात का?

उत्तर: मार्केटमध्ये एकदा भेटलो. चुकलं आमचं, असं सांगितलं. त्यांनी चहा पाजला, मुलाबद्दल बोलले. वर्गाचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही रेटला नाही. त्यांची ती उत्तरपत्रिका आमच्याकडे आहे. तिच्यावरचे गुण आम्ही बदलले आहेत.